शिवछत्रपतींच्या चित्रांचें मूळ

महाड व पोलादपूर या बाजूच्या जुन्या घरांत संशोधक गेला म्हणजे दप्तराबरोबर एखादें जुनें चित्रही त्याच्यापुढें येतें आणि "हें महाराजांचें" असें सांगण्यांत येतें. ज्या मुलखांत रायगड उभा आहे तेथें ही भावना स्वाभाविकच होय. परंतु चित्राखालीं नांव असणें व चित्र त्या पुरुषाचें असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चीनमधील सान्त्साई तूहुई या 1609 सालच्या सचित्र ग्रंथांत पुराणकालीन सम्राटांचींही मुखचित्रें आहेत. तीं अर्थातच कल्पनेनें व परंपरेनें ठरलेलीं. आपली स्थिति इतकी निराधार नाहीं.

महाराजांच्या काळास लागून असलेल्या चित्रांचे दोन प्रवाह ठळक आहेत. मनुची यानें मीर महंमद या चितार्‍याकडून 1686 पूर्वीं करविलेला संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. त्यांत महाराज अश्वारूढ आहेत. दुसरा प्रवाह गोवळकोंड्याचा. 1686 च्या सुमारास डच गृहस्थ विट्सेन याच्याकडे गेलेला तेथील चित्रसंग्रह आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्यें आहे. महाराज 1677 सालीं गोवळकोंड्यास गेले होते, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवावी. पण एवढ्यावरून चितार्‍यानें त्यांस समोर बसवून चित्र काढलें असें सिद्ध होत नाहीं. पुढें व्हॅलेंटाइनच्या (1724–26) व ऑर्मच्या (1782) ग्रंथांतून छापील प्रतिमा पसरल्या.

लेखी वर्णनांचाही पडताळा घ्यावा. सुरतेचा इंग्रज पाद्री एस्कॅलियट 1664 सालीं ऐकीव माहितीवरून महाराजांस बुटके, बांधेसूद, तीक्ष्ण नजरेचे व गोरे म्हणतो. फ्रेंच प्रवासी थेवनो त्यांस बुटके, चपळ नेत्रांचे, पण सांवळे म्हणतो. नेत्र व उंची यांविषयीं मेळ बसतो, वर्णाविषयीं बसत नाहीं. पोलादपुरास ज्यांची समाधि आहे त्या कवींद्र परमानंदांचें शिवभारत इतिहासाचें अमोल साधन आहे. तथापि संस्कृत काव्यांतील आजानुबाहु इत्यादि विशेषणें हा कविसंकेत असतो, मोजमाप नव्हे.

नांवावर विसंबल्यानें काय होतें याचें उदाहरण घरचेंच आहे. मनुचीच्या संग्रहांतील इब्राहिमखानाचें चित्र महाराजांचें म्हणून प्रचलित झालें होतें. वा. सी. बेंद्रे यांनीं ती चूक दाखवून 1933 सालीं डच परंपरेंतील चित्र पुढें आणलें.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, चित्राची कड कापूं नये, पाठीवरील अक्षर चौकटींत झांकूं नये, आणि चित्र कोणाकडून कोणाकडे आलें तें लगेच लिहून ठेवावें. मागील बाजूची एक फारशी ओळ कधीं कधीं पुढच्या सार्‍या रंगांहून मोलाची ठरते. जुलै 2021 मध्यें सावित्रीचें पाणी महाडांत घरोघर शिरलें. पुराला अस्सल व नक्कल यांचा भेद ठाऊक नसतो. निदान चित्राच्या दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें मंडळाच्या दप्तरीं असावींत. मूळ गेलें तरी पुरावा राहील.