कुंपण नसलेल्या जंगलात एक दिवस

सुट्टीच्या दिवशी घरची सगळी मंडळी मिळून वन्य प्राणी पाहायला जायचे ठरले, तर आपल्या विदर्भात दोन प्रकारच्या जागा आहेत.

पहिला प्रकार मोकळ्या प्राणिसंग्रहालयाचा. येथे पिंजरा नसतो. मोठे आवार असते आणि त्याभोवती खंदक किंवा उंच जाळी असते. इंग्लंडमध्ये व्हिप्सनेड येथे १९३१ साली असे मोकळे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. पुढे १९६६ साली त्याच देशात लाँगलीट येथे माणसे मोटारीच्या काचा लावून सिंहांमधून फिरू लागली. नागपूरजवळ गोरेवाडा येथे २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेली सफारी याच जातीची आहे. तेथे वाघाचे आवार वेगळे, अस्वलाचे वेगळे. प्राण्यांना ठरलेल्या वेळी खाणे मिळते आणि ते आजारी पडले तर डॉक्टर येतात.

दुसरा प्रकार नागझिऱ्याचा. गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांत पसरलेले हे अभयारण्य १९७० साली जाहीर झाले. तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघाला. नागझिऱ्याच्या दक्षिणेला नवेगाव राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९७५ सालचे. ही दोन्ही जंगले आणि शेजारची आणखी तीन अभयारण्ये मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६५३ चौरस किलोमीटर आहे. त्याच्याभोवती जाळी नाही आणि आतल्या वाघाला कोणी खाऊ घालत नाही.

जाळी काढली की काय बदलते? दोन गोष्टी बदलतात. प्राण्याला आपले पोट आपणच भरावे लागते आणि त्याला वाटेल तेव्हा बाहेर जाता येते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवून आपण दिवसभर फिरू या.

फाटकाच्या आत

गोंदियाहून पहाटे निघा आणि गोरेगावच्या बाजूने मंगेझरीचे फाटक गाठा. प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते, तेव्हा हिवाळा किंवा उन्हाळा निवडावा. गाडीत मार्गदर्शक सोबत असतो. गाडीतून खाली उतरायचे नाही, हा येथला पहिला नियम. गंमत पाहा, या जंगलात प्राणी मोकळे आणि माणसे गाडीत कोंडलेली!

धाकटी भावंडे लगेच विचारतील, “वाघ कुठे आहे?” त्यांना सांगा, आधी झाडे पाहा. मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटीची साल दिसली, तर तो ऐन. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवर पिवळसर, गरदार फुलांचा सडा दिसला, तर वर मोह आहे. ही फुले चितळाला आवडतात, अस्वलाला आवडतात आणि जंगलाबाहेरच्या गावांतील माणसेही पहाटे उठून ती वेचतात.

नंतर रस्त्यावरची धूळ पाहा. ठशात नखांच्या खुणा उमटल्या असतील तर तो बहुधा रानकुत्रा, कारण कुत्र्याच्या जातीला नखे आत ओढून घेता येत नाहीत. वाघ-बिबळ्या नखे आत घेऊन चालतात, म्हणून त्यांच्या ठशात नखे दिसत नाहीत. पूर्वी अशा ठशांवरून वाघ मोजत. २००६ सालच्या गणनेपासून देशभर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे वापरू लागले. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे निराळे असतात. इतकेच काय, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात. म्हणूनच वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा बांधतात.

आता कान द्या. वानरांची टोळी झाडावर असली की खाली पुष्कळदा चितळ चरताना आढळतात. वानरे पाने-फळे अर्धवट खाऊन टाकतात, ती चितळांना मिळतात. वानराला उंचावरून लांबचे दिसते आणि चितळाला वास लवकर येतो. वानर खाकरले आणि पाठोपाठ चितळाने तीक्ष्ण साद दिली, की मार्गदर्शक गाडी थांबवील. अशा वेळी सगळ्यांनी गप्प राहावे. वाघ दिसेलच असे नाही. पण तो जवळ आहे ही बातमी तुम्हालाही कळलेली असेल.

वाघाच्या पोटाचा हिशेब

वाघ सहजासहजी का दिसत नाही, हे गणिताने समजते. एका वाघाला साधारण आठवड्याला एक चितळाएवढा प्राणी लागतो, म्हणजे वर्षाला सुमारे ५०. कळप कमी होऊ न देता त्यातून दरसाल साधारण दहावा हिस्सा वाघाच्या वाट्याला जाऊ शकतो, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे एका वाघामागे निदान ५०० तृणभक्षी प्राणी हवेत. दहा वाघ असतील तर ५,०००! शिवाय बिबळे आणि रानकुत्रेही त्याच कळपांवर जगतात. या ५,००० प्राण्यांना गवत आणि उन्हाळाभर पाणी हवे. गोरेवाड्यात जे काम मांस घेऊन येणारी गाडी करते, ते येथे कित्येक चौरस किलोमीटर कुरण करते.

म्हणूनच प्रत्येक वाघ आपला मुलूख राखून असतो. पिल्ले दोन वर्षांची होत आली की त्यांना आईचा मुलूख सोडावा लागतो, आणि नर तर फार लांब जातात. हे लांब जाणे उपयोगाचेही असते. तेच ते वाघ पिढ्यान्‌पिढ्या आपसांत जोड्या जमवू लागले, तर प्रजा दुबळी होते. नवे रक्त बाहेरून यावे लागते.

‘जय’ कुठे गेला?

नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा नर २०१३ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला. नकाशा उघडून पाहा. नागझिरा वैनगंगेच्या पूर्वेला आहे आणि उमरेड-कऱ्हांडला पश्चिमेला. म्हणजे त्याने नदी ओलांडली, शेते ओलांडली, रस्ते ओलांडले. तेथे तो अनेक पिल्लांचा बाप झाला. त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बसवलेला होता, तरी एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. त्याचा बछडा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात शेताभोवतीच्या विजेच्या तारेला चिकटून मेला.

ही तार वाघासाठी लावलेली नसते. रानडुकरे एका रात्रीत धान लोळवून टाकतात. वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत जाते. मग कोणी घरगुती विजेची तार कुंपणाला जोडतो. हे बेकायदा तर आहेच, पण त्यामागचे विज्ञानही समजून घ्या. घरगुती वीज सुमारे २३० व्होल्टची आणि सतत वाहणारी असते. ती अंगातून गेली की स्नायू आखडतात आणि प्राणी तारेपासून सुटू शकत नाही. माणूसही सुटू शकत नाही. अशा तारांनी माणसेही मेली आहेत. सौर कुंपणाच्या यंत्रात व्होल्ट काही हजार असतात, पण धक्का सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो आणि पुढचा धक्का सुमारे एका सेकंदाने येतो. मधल्या वेळात प्राणी मागे उडी घेतो. धान वाचते आणि जीवही वाचतो.

इकडे नागझिऱ्यात वाघिणी कमी होत्या. म्हणून मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून येथे सोडल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये तिसरी. त्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे होते. जी वाट वाघाने स्वतः चालावी, ती त्यांना गाडीतून पार करावी लागली.

दुपारचा रस्ता

सकाळची फेरी संपली की शिदोरी सोडा आणि गोरेगाव-कोहमारा मार्गाने नवेगावबांधला निघा. कोहमाऱ्याला मोठा चौक लागेल. येथे राष्ट्रीय महामार्ग ५३ आडवा जातो. या महामार्गाच्या उत्तरेला नागझिरा आणि दक्षिणेला नवेगाव. तुम्ही ज्या दिशेने निघालात, त्याच दिशेने वाघालाही जायचे असते. पाच मिनिटे रस्त्याकडेला सुरक्षित जागी थांबून मालमोटारी मोजा. रात्रीही त्या धावतच असतात. जवळूनच गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गही जातो.

यावर उपाय आहे. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांसाठी वाट ठेवली आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघ, रानकुत्रे आणि चितळ त्याच वाटेने जाताना आढळले.

वाटेत दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसतील. सारस हा माणसाच्या उंचीचा पक्षी. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे आणि घरटे बांधतो ते अशाच बांध्यांमध्ये आणि तळ्यांच्या काठी. त्याच्यासाठी कोणतेही फाटक नाही. शेतकऱ्याने घरट्यापुरते धान उभे ठेवले तर पिल्लू वाचते.

संध्याकाळी नवेगावच्या तळ्यावर पोहोचाल. डोंगरांच्या मधोमध पसरलेले हे पाणी निसर्गाने साठवलेले नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधून घेतले, असे सांगतात. भातशेतीसाठी अडवलेल्या या पाण्यावर आज हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात.

करून पाहा

घरी आल्यावर विदर्भाचा मोठा नकाशा घ्या. त्यावर नागझिरा, नवेगाव, उमरेड-कऱ्हांडला, पेंच आणि ताडोबा हिरव्या रंगाने भरा. महामार्ग व रेल्वे लाल, नद्या निळ्या. आता नागझिऱ्यातून निघालेल्या दोन वर्षांच्या वाघासाठी ताडोब्यापर्यंतची वाट पेन्सिलीने आखा. वाट लाल रेषेला जेथे जेथे छेदते, तेथे क्रमांक घाला. मग वहीत प्रत्येक क्रमांकापुढे लिहा: येथे वाघाला काय हवे? रस्त्याखालची वाट, नदीकाठचा झाडोरा, की शेताभोवती जीव न घेणारे कुंपण? तुमचे गाव त्या वाटेवर येत असेल, तर ते मात्र ठळक अक्षरांत लिहा आणि नकाशा वर्गात लावा.