आधी ब्रेक, मग स्टिअरिंग

स्टिअरिंगच्या मोटरचा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो. गिअर, बेल्ट आणि डायरेक्ट ड्राइव्ह यांचा हिशेब आज मांडायचं कबूल केलं होतं, पण पोलादपूरजवळच्या कापड्याच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न आधी सुटायला हवा. त्यांच्याकडे घरच्या रेसिंग सिम्युलेटरसाठी लॉजिटेकचा जी-२९ हा स्टिअरिंग आणि पेडलचा संच आहे, हाताशी थोडे पैसे जमलेत. स्टिअरिंग बदलू की पेडल, असं विचारतात.

पेडल. त्यातही फक्त ब्रेकचं.

जी-२९ च्या ब्रेकमध्ये पोटेन्शिओमीटर आहे. पेडल किती खाली गेलं एवढंच त्याला कळतं. आत रबराचा ठोकळा घालून कंपनीने पेडल शेवटी शेवटी जड केलंय, तरी मोजमाप अंतराचंच. खऱ्या गाडीत पॅड एकदा डिस्कला भिडले की पेडल फारसं हलत नाही, वाढतो तो पायाचा जोर. गाडी किती आवळायची ते या जोरावर ठरतं आणि पायाच्या लक्षातही तोच राहतो.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याला राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. महाबळेश्वरहून खाली येताना जाणता ड्रायव्हर गाडी गिअरवर उतरवतो आणि ब्रेक लागेल तेवढाच दाबून सोडतो. पण त्याला पायाखेरीज बाकीचं शरीरही मदत करत असतं. गाडीचं नाक दबतं, पट्टा छातीला लागतो, अंग पुढे जातं. घरातली सीट जागची हलत नाही. यातलं काहीच तिथे मिळत नाही, उरतो फक्त तळव्याखालचा दाब. म्हणून जोर मोजणारा ब्रेक खऱ्या गाडीपेक्षा घरच्या सिम्युलेटरला जास्त गरजेचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटचं उदाहरण घ्या. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. लांबलचक सरळ रस्ता संपून चौथं वळण येतं, तेव्हा गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे असते. त्या वेगाला हवा गाडीला खाली दाबून धरते, म्हणून पहिला दाब जवळजवळ पूर्ण ताकदीचा चालतो. वेग उतरला की हवेचा दाब कमी होतो, टायरची पकड घटते, आणि पाय तसाच राहिला तर चाकं लॉक होतात. म्हणजे दाबल्या क्षणापासून सोडायला लागायचं, आणि शेवटचा थोडासा जोर वळणात शिरेपर्यंत धरून ठेवायचा. सगळा खेळ दोनेक सेकंदांचा. अंतर मोजणाऱ्या पेडलवर हे मिलिमीटरच्या अंदाजाने करावं लागतं. जोर मोजणाऱ्या पेडलवर पाय ते आपसूक शिकतो.

जोर मोजतो तो लोड सेल. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात असतो तोच हा प्रकार. धातूच्या दांडीवर स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. दांडी केसभर वाकली की त्यांचा विद्युतरोध बदलतो. काट्यातला लहान सेल मात्र घेऊ नका, १०० ते २०० किलोचा घ्या. पेडलचा बिजागर आणि पाऊल यांच्या बरोबर मध्ये सेलची दांडी आली, तर पायाचे ६० किलो सेलवर १२० होतात.

सेलसोबत एचएक्स ७११ नावाचं स्वस्त बोर्ड मिळतं. ते बहुधा सेकंदाला १० वेळाच मोजायच्या बेतानं जोडलेलं असतं. कांदे तोलायला तेवढं पुरतं, पण ३०० च्या वेगात दोन मोजण्यांच्या मध्ये गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते. रेटची पिन वरच्या व्होल्टेजला जोडली की मोजणी ८० वर जाते आणि हेच अंतर मीटरभरावर येतं. एवढं कराच. सेलमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टचा असतो, तेव्हा त्याची वायर शिल्डची घ्या आणि पॉवर सप्लायपासून लांबून न्या.

पेडल आणि सेल यांच्यामध्ये रबर हवं. गॅरेजमधला सस्पेन्शनचा जुना बुश चालतो. आधी एक मऊ तुकडा, मागे कडक. नुसतं कडक ठेवलं तर भिंतीला लाथ मारल्यासारखं वाटतं. शंभर टक्क्यांची खूण आपल्या कमाल ताकदीवर कधीच लावू नका, तासभर न थकता दाबता येईल तिथे लावा. सुरुवातीला ३५-४० किलो पुरे.

आता सांगाडा. पाय ४० किलोने पुढे रेटतो, तेवढ्याच जोराने सीट मागे जाते. चाकांची खुर्ची इथेच बाद. पत्रात प्लायवुडचं विचारलंय. पोलादपूरच्या पावसात साधा कमर्शियल प्लाय फुगतो आणि स्क्रू ढिले होतात. घ्यायचाच तर आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा रंगाने बंद करा. मी मात्र महाडला फॅब्रिकेशनवाल्याकडे जाईन. दीड इंची चौकोनी एमएस पाईप, पेडलखाली ५ मिलिमीटरची प्लेट, रंगाआधी रेड ऑक्साइड. ॲल्युमिनियम प्रोफाइल गंजत नाही आणि हवं तसं सरकवता येतं, पण हातातले पैसे त्यातच संपतील आणि ब्रेक राहून जाईल.

वेल्डिंगला टाकण्याआधी सीट जमिनीवर ठेवून बसून बघा. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. सीटची भोकं लांबट ठेवायला सांगा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणालाही ती पुढेमागे करून बसता येईल.