मॉनिटर घेताना इंच नव्हे, उंची पाहा

उर्दू-मराठी कंपोझिंगचा व्यवसाय करणाऱ्या बांधवांकडून एक तक्रार वारंवार आमच्या कानी येते. जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर बंद पडला, दुकानदाराने त्या जागी १८.५ इंची रुंद मॉनिटर दिला, पडदा मोठा झाला. पान मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसू लागले!

यात जादू काही नाही. मॉनिटरचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. जुन्या चौकोनी पडद्याची उंची सुमारे २७ सें.मी. होती, १८.५ इंची रुंद पडद्याची जेमतेम २३. म्हणजे दीड इंचाचे पैसे जास्त मोजून चार सें.मी. उंची गमावली. चित्रपट पाहणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. पण निकाहाची पत्रिका, मदरशाचे पावती पुस्तक, जलशाचे हस्तपत्रक जुळवणाऱ्याला उभे पान हवे असते. ए-४ कागद २९.७ सें.मी. उंच असतो. २४ इंची पडद्याची उंचीही साधारण तेवढीच. वरची मेनूची पट्टी धरली तर पान खऱ्या आकारात बसत नाही. २७ इंचीची उंची साडेतेहतीस सें.मी. भरते, तिथे दोन पाने शेजारी शेजारी उघडून काम करता येते.

मात्र २७ इंचीत एक मेख आहे. स्वस्त नग १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असतो. तेवढेच ठिपके २४ इंचीतही असतात, म्हणून मजकूर अधिक मावत नाही. फक्त ठिपके जाड होतात, जुन्या १७ इंचीपेक्षाही जाड. इनपेजमध्ये नस्तालीक जुळवताना नुक्ते आणि जेर-जबर स्पष्ट दिसले पाहिजेत. आयतीत एक नुक्ता सुटला तर अर्थ बदलतो, आणि छापून झाल्यावर गठ्ठा परत घ्यावा लागतो तो निराळाच. आमच्या मते छपाईचे काम करणाऱ्याने २७ इंची घ्यायचा तर २५६० बाय १४४० चाच घ्यावा. तेवढी ऐपत नसल्यास २४ इंची बरा. हौसेपायी व्याजाच्या हप्त्यात पडू नये.

पैसे देण्यापूर्वी आपल्या संगणकाची मागची बाजू नीट पाहावी, मोबाइलवर फोटो काढून सोबत न्यावा. निळे व्हीजीए भोक तेवढेच असेल तर अक्षरे किंचित पुसट दिसतात, आणि कित्येक नव्या मॉनिटरना ते भोकच नसते. जुन्या बोर्डांचे एचडीएमआय पुष्कळदा १९२० बाय १२०० च्या पुढे जात नाही. २५६० साठी तिथे डिस्प्ले पोर्ट लागतो. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच जोडावी, बोर्डाला नव्हे. डिस्प्ले पोर्टमधून एचडीएमआय मॉनिटर जोडणारा साधा अडॅप्टर स्वस्तात मिळतो. उलट दिशेने तो चालत नाही.

जोडल्यावर सेटिंगमध्ये मॉनिटरचे मूळ रिझोल्यूशन निवडावे. अक्षरे बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी न करता स्केल १२५ टक्के करावे.

लॅमिंग्टन रोडवरून घ्या की गावातल्या दुकानातून, नग तिथेच चालू करून पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर मेलेले ठिपके तपासा. जीएसटीत नोंदणी असलेल्यांनी बिल व्यवसायाच्या नावानेच मागावे, म्हणजे भरलेल्या कराची वजावट घेता येईल.