नील यंग: रंग बदलणारा की खरा?

आज नील यंगबद्दल बोलायचंय, पण हा नुसता कौतुकाचा भाग नाही. गेली बरीच वर्षं मी त्याची गाणी ऐकत आले आहे, आणि तितकीच वर्षं एक शंका मनात आहे. हा माणूस दर दोन-तीन वर्षांनी वेगळाच कुणीतरी होतो. कधी गिटार घेऊन एकटा बसलेला लोकगायक, कधी कान फाडणारा रॉकवाला, कधी कंट्रीवाला, कधी चक्क यंत्रमानव. मग यातला खरा कुठला? की वारा येईल तशी पाठ देणारा एक हुशार माणूस आहे हा?

गंमत म्हणजे, हीच शंका एकदा थेट कोर्टात गेली होती.

कंपनीची तक्रार

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नील यंग मूळचा कॅनडाचा, जन्म १९४५, टोरांटो. १९७२ साली त्याचा ‘हार्वेस्ट’ हा अल्बम आला आणि त्यातलं ‘हार्ट ऑफ गोल्ड’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. बहुतेकांच्या डोक्यातला नील यंग तो हाच: हार्मोनिका, साधी गिटार, थरथरणारा उंच आवाज.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो गेफेन रेकॉर्ड्स या नव्या कंपनीकडे गेला. हवं ते करायची मोकळीक मिळेल, या बोलीवर. १९८२-८३ च्या हिवाळ्यात ‘ट्रान्स’ आला. त्यात सिंथेसायझर होते आणि व्होकोडर होता. व्होकोडर म्हणजे माणसाच्या आवाजाला यंत्राचा आवाज करून टाकणारं उपकरण. जर्मनीच्या क्राफ्टवर्कची छाप स्पष्ट ऐकू येत होती. चाहते चक्रावले. मग त्याने कंट्री गाण्यांचा अल्बम पुढे केला, तो कंपनीला नको होता. त्यांनी म्हणे रॉक अँड रोल मागितलं. यानेही मग शब्दशः तेच दिलं: पन्नासच्या दशकातल्या थाटाचा, जेमतेम पंचवीस मिनिटांचा ‘एव्हरीबडीज रॉकिन’.

१९८३ च्या अखेरीस कंपनीने दावा ठोकला, तीस लाखांहून जास्त डॉलरचा. तक्रार काय? तर हे अल्बम विकले जाण्याजोगे नाहीत आणि नील यंगच्या आधीच्या संगीताशी जुळत नाहीत. म्हणजे बघा, नील यंग स्वतःसारखा वाजत नाही म्हणून नील यंगवर खटला! त्यानेही उलट दावा केला आणि शेवटी तडजोड झाली.

पण ‘आधीचा’ म्हणजे कधीचा?

कंपनीचा आणि माझ्यासारख्या चाहत्यांचा मुद्दा एकच होता: मूळ नील यंग परत द्या. म्हणून मी मूळ शोधायला मागे गेले.

विनिपेगमध्ये शाळकरी वयात त्याचा स्क्वायर्स नावाचा बँड होता. १९६३ ची त्यांची पहिली रेकॉर्ड नुसती वाद्यांची, ब्रिटनच्या शॅडोज बँडच्या वळणाची. त्यात गाणं म्हणून नाहीच. १९६६ मध्ये तो मायना बर्ड्स या बँडमध्ये होता. त्यांचा गायक होता रिक जेम्स, आणि त्यांनी डेट्रॉइटला मोटाउनसाठी रेकॉर्डिंग केलं होतं. सोल संगीताचा बालेकिल्ला आणि तिथे नील यंग! आणि ज्याला आपण अस्सल म्हणतो त्या ‘हार्ट ऑफ गोल्ड’बद्दल खुद्द बॉब डिलनची कुरकुर होती, की हे रेडिओवर ऐकलं की वाटतं आपणच गातोय.

म्हणजे मागे कितीही गेलं तरी कुणाची तरी छाप सापडतेच. आपल्याकडे ‘घराणं कुठलं’ विचारलं की गायकाचा पत्ता लागतो. इथे तो प्रश्न फारसा चालत नाही.

मग पारखायचं कसं?

मी दोन गोष्टी बघते. पहिली: बदलातून त्याला काय मिळालं? ‘हार्वेस्ट’सारखे आणखी चार अल्बम काढले असते तर तो आरामात राहिला असता. त्याऐवजी नशेपायी गेलेल्या दोन सोबत्यांच्या दुःखात त्याने १९७३ मध्ये ‘टुनाइट्स द नाइट’ची बरीचशी गाणी रेकॉर्ड केली. खरखरीत, बेसूर वाटणारी. तो अल्बम १९७५ पर्यंत बाहेरही आला नाही. वाऱ्याला पाठ देणारा माणूस असं करत नाही.

दुसरी: वेश उतरवल्यावर आत काही उरतं का? ‘ट्रान्स’च्या वेळी त्याच्या लहान मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, त्याला बोलता येत नव्हतं. त्या मुलाशी संवाद साधायची धडपड या गाण्यांत आहे, यंत्राआडचा न कळणारा आवाज त्यासाठीच आहे, हे नीलने नंतर सांगितलं. आता कुणी म्हणेल, नंतर काय, काहीही सांगता येतं. बरोबर. म्हणून १९९३ चा ‘अनप्लग्ड’ ऐका. त्यात ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ आहे, व्होकोडरशिवाय. यंत्र बाजूला केलं तर खाली एका बापाचं हळवं गाणं निघतं. ते आधीपासून तिथे होतंच.

हीच कसोटी ‘एव्हरीबडीज रॉकिन’ला लावली तर माझ्या हाती फारसं काही लागत नाही. तो मला चिडून केलेला खेळ वाटतो.

उरलेल्या शंका

सगळंच सुटलं असं नाही. १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मेले, तेव्हा ‘ओहायो’ लिहून निक्सनचं नाव घेणारा हा माणूस ऐंशीच्या दशकात रेगनची बाजू घेत होता. १९८८ मध्ये जाहिरातींसाठी गाणाऱ्यांची टर उडवणारं ‘धिस नोट्स फॉर यू’ काढलं, आणि २०२१ मध्ये आपल्या गाण्यांचे निम्मे हक्क एका गुंतवणूक कंपनीला विकले. हे मला खुपतं, आणि खुपायला हवं.

पण शंका नेमकी कुठे घ्यायची हे आता मला कळतं. शैली बदलली, एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नये. म्हणतो काय आणि करतो काय, तिथे शंका जरूर घ्यावी.

तुम्ही एक करा. ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ आधी १९८२ चं ऐका, मग लगेच १९९३ चं. दोन्ही मिळून दहा मिनिटंही लागणार नाहीत. काय वाटलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.