भीती ट्यूबची, धूर कॉइलचा

पनवेलच्या एका वाचक ताई विचारतात, ‘घरात दीड वर्षाचं बाळ आहे. डासांच्या क्रीमची ट्यूब केमिकलची, म्हणून लावत नाही. संध्याकाळी दारं-खिडक्या लावून कॉइल पेटवते. बरोबर आहे ना?’ शेजारच्या रसायनीत डीडीटीचा सरकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा ‘केमिकल’ म्हटल्यावर पनवेलकर दचकणारच. पण ताई, तुमचं नेमकं उलटं झालंय.

कॉइलमध्ये डासांचं औषध नावापुरतं. बाकी सगळा भुसा, करवंटीची पूड आणि डिंक. तो रात्रभर धुमसतो. चिनी आणि मलेशियन कॉइल तपासणाऱ्या 2003 सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले अतिसूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये पूर्वी असलेले डॉ. संदीप साळवीही बंद खोलीतल्या कॉइलबद्दल असाच इशारा देत आले आहेत. ही तुलना कणांपुरती आहे, निकोटिनची नव्हे. मथळ्यांत तेवढं गळतं. तरी बाळाच्या फुप्फुसांना व्हायचा तो त्रास होतोच.

कॉइलची गोष्ट मात्र गोड आहे. जपानच्या एइइचिरो उएयामांनी 1890 च्या सुमारास पायरेथ्रमच्या फुलांची पूड घालून उदबत्ती केली. ती जेमतेम 40 मिनिटं जळे. तिला वेटोळं द्या, हे त्यांच्या पत्नी युकी यांनी सुचवलं आणि बत्ती रात्रभर पुरू लागली. खरी युक्ती बाईंची, पण नाव सांगितलं जातं ते नवऱ्याचं!

आता ट्यूब. अमेरिकी लष्कराने 1946 मध्ये सैनिकांसाठी वापरात आणलेलं डीट हे डासरोधक 1957 पासून सामान्यांना मिळू लागलं. ते डासाला मारत नाही, त्याला माणसाचा माग लागू देत नाही. डीटने घड्याळाची प्लास्टिकची काच धुरकटते, नेलपॉलिश सुटतं, म्हणून लोक धसका घेतात. पण कातडी म्हणजे प्लास्टिक नव्हे. दोन महिन्यांपुढच्या बाळांना 30 टक्क्यांपर्यंतचं डीट चालतं, असं अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. टक्के वाढले की असर जास्त तास टिकतो, एवढंच. आपल्याकडच्या प्रसिद्ध ट्यूबमध्ये त्याचं भावंड, डायइथाइल बेंझामाइड असतं. त्याचा डीटइतका अभ्यास झालेला नाही, तेव्हा ट्यूबवर लिहिलेलं वय पाहा. बाळाच्या तळहातांना मात्र काहीच लावू नका, ते थेट तोंडात जातात.

‘नैसर्गिक’ धूप लावला तरी धूर तो धूरच. कापूरही निर्धोक नाही: पोरानं वडी गिळली तर झटके येऊ शकतात.

डासांच्या विजेवरच्या मशिनला धूर नाही, खिडकी किलकिली ठेवली की पुरे. धोका आहे तो रिफिलच्या बाटलीचा. तिच्यात बहुतेक भाग रॉकेलच्या जातीचं तेल असतं. मुलानं ते प्यायलं तर उलटी करवू नका. तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा बाळ दुपारी झोपलं की मच्छरदाणी लावा.