अम्मीच्या वाट्याचे सफरचंद

लहानपणी रमजानमध्ये आमच्या दस्तरखानावर क्वचित सफरचंद यायचे. तेही एकच. अम्मी त्याच्या फोडी करून आम्हा भावंडांना वाटायची आणि गाभ्याला चिकटलेला गर तेवढा स्वतः खायची. आम्हाला वाटे, फळ आम्हाला मिळाले, अम्मीला उरलेसुरले. मी बी. ए. झालेला माणूस; झाडापानांचे शास्त्र शिकलो नाही. पुढे एक शिक्षक मित्र म्हणाला, ''अरे, खरे फळ तर तुझ्या अम्मीच्याच हातात होते!''

श्रोतेहो, फुलाच्या अंडाशयापासून बनते ते खरे फळ. आंब्याची साल, गर आणि कोयीचे कवच हे सारे अंडाशयाचेच. सफरचंदाच्या फुलात मात्र कळीला झाकणारी हिरवी निदले, पाकळ्या आणि पुंकेसर यांचे बुंधे जुळून एक पेला तयार होतो. अंडाशय त्याच्या आत, त्याला चिकटलेला असतो. पाकळ्या गळतात आणि पेला फुगू लागतो. आपण खातो तो गर बहुतेक या पेल्याचा. म्हणून सफरचंदाला आभासी फळ म्हणतात. नासपतीही तशीच.

सफरचंद एकदा आडवे कापून पाहा. मधोमध पाच कप्प्यांची चांदणी दिसेल. प्रत्येक कप्प्यात साधारण दोन बिया असतात. हा गाभा म्हणजेच खरे फळ. देठासमोरच्या टोकाच्या खळगीत जे वाळलेले तुकडे दिसतात, ती त्या फुलाची निदले.

आपल्या कोकणातल्या काजूचेही असेच आहे. रसाळ बोंड म्हणजे फुगलेला देठ; खरे फळ म्हणजे त्याच्या टोकाला लटकणारी काजूबी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत तर अंगावरचा एकेक दाणा हे एकेक फळ!

मग सफरचंदाचा गर येतो कशामुळे? गाभ्यातल्या बियांमुळे. वाढणाऱ्या बियांतून संप्रेरके पाझरतात, त्यांच्या सांगण्यावरून गर भरतो. मधमाश्यांनी पुरेसे पराग आणले नाहीत, तर काही कप्पे रिकामे राहतात आणि पुष्कळदा त्या बाजूने फळ खुजे, वाकडे होते. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो, त्यानेच गर पोसलेला असतो.

अम्मी आता नाही. तिला हे सांगायचे राहून गेले. घरात सफरचंद आले, की मी ते आडवे कापतो आणि नातवंडांना बिया मोजायला लावतो. वाकडे फळ निघाले, तर रिकामा कप्पा कोणता, ते ती शोधतात. गाभा मात्र मी माझ्याकडे ठेवतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)