खारं पाणी आणि लसूणघासाच्या गाठी

कुवेतमध्ये वफ्रा, अब्दलीच्या रेताड शेतांत मचूळ भूजलावर लसूणघास घेतला जातो. मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नत्र पिकाला देणारे रायझोबियम जिवाणू, त्यातही खारेपणा सोसणारे, बियाण्याला चोळले की नत्राचा प्रश्न मिटेल, असं वाटतं. पण हे जिवाणू मुळातच पिकापेक्षा जास्त क्षार सोसतात. अडचण गाठीत आहे. निरोगी गाठ कापली की आत गुलाबी दिसते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. ते प्राणवायू बेताने पुरवतं, कारण तो जास्त झाला तर नायट्रोजिनेज हे विकर निकामी होतं. नत्राचा एक रेणू फोडायला त्याला निदान १६ एटीपी (ऊर्जा पुरवणारे रेणू) लागतात आणि त्यासाठीची साखर पानांकडून येते. क्षारांनी पान दमलं की रसदच तुटते.

मग युरिया का नको? चालेल, पण त्यातून जमिनीत नायट्रेट वाढलं की रोप गाठी धरायचंच टाळतं. त्यापेक्षा आधी पाणी बदलावं. सुलैबियाच्या प्रकल्पात रिव्हर्स ऑस्मोसिसने क्षार काढलेलं सांडपाणी या शेतांना मिळतं.